शहाणं बाळ

बाळ रडत नाही, याचं घरात कोण कौतुक! सासूबाईंनी दारावरची बेल बंद केली, मिक्सरला सुट्टी दिली आणि शेजारणीला कुजबुजत सांगितलं, "आमची नात फार शहाणी हो!" नातीचे ओठ जरा हलले, की त्या चमचाभर साखरपाणी पाजत. ती पुन्हा गाढ. चेहरा पिवळसर दिसला, तर म्हणे सोन्यासारखा रंग.

आईला मात्र चैन पडेना. ती बसवर कंडक्टर. ढाराढूर झोपलेल्या प्रवाशांना उठवण्यात तिचा हात धरणारं डेपोत कुणी नव्हतं, आणि इथे पोटच्या पोरीला उठवायची चोरी! छाती दुधानं दगड झाली होती. पिवळेपणा पोटापर्यंत उतरला, तशी तिनं लेक उचलली आणि तडक दवाखाना गाठला. सासूबाई मागोमाग धावल्या.

रक्त तपासून डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. "कावीळ बरीच वाढलीय. दूध पोटात गेलं, की ती शीवाटे बाहेर पडते. पाण्यानं नुसतं पोट भरतं. आता निळ्या दिव्याखाली ठेवू आणि उठवून उठवून पाजू. संध्याकाळपर्यंत उतरली नाही, तर रक्त बदलावं लागेल."

"आणि मी साखरपाणी पाजत बसले!" सासूबाई पुटपुटल्या.

पाजायला म्हणून नर्सनं लेकीला दिव्याखालून काढून दिलं. दोन घोट घेतले, की डोळे मिटलेच. मग आईनं कंबर कसली. लंगोट सोडला, तळवे चोळले, गालावर ओला कापूस फिरवला आणि खणखणीत आवाज लावला, "ओ बाई, उठा! गाडी डेपोत चाललीय!"

"अगं, हळू," सासूबाई सवयीनं म्हणाल्या आणि जीभ चावून स्वतःच नातीच्या तळव्यांना टिचक्या मारू लागल्या. लेक थकली, की आई हातानं दूध काढून वाटी-चमच्यानं पाजायची. मग पुन्हा दिवा, पुन्हा छाती. दुपारी शीनं लंगोट भरला, तेव्हा दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आल्या. "उतरतेय! रक्त बदलायला नको."

आईला हसू आणि रडू एकदमच फुटलं. नर्स लेकीला दिव्याखाली न्यायला वाकली, तर ती छाती सोडेना. जरा ओढलं, तर तिनं असं भोकाड पसरलं, की वॉर्डातले सगळे वळून बघू लागले.

"थांबा हो जरा," सासूबाई नर्सला आडव्या आल्या. "आधी तिचं पोट भरू दे."