तळहातावरचा शिक्का

कापसाचा बोळा आज नीट बसत नव्हता. चिमटीत धरून त्याने तो पुन्हा वळला, टोकाला जिभेची ओल लावली आणि डाव्या कानात सरकवला. तरी आत कुठेतरी एक फट राहिलीच, आणि कारखान्यातल्या प्रेस शॉपचं दार अजून लांब असतानाच त्या फटीतून पत्रा दाबणाऱ्या प्रेसचे ठोके आत शिरू लागले. उजव्या कानात ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यात बोळा घालायचा तो केवळ सवयीने – रिकाम्या घराला कुलूप लावावं तसा. डावा मात्र जपायला हवा होता, निदान आज संध्याकाळपर्यंत... आणि मग भिमाजीला स्वतःचंच हसू आलं. संध्याकाळी ऐकायचं कुठे आहे? बघायचं आहे.

आज गुरुवार. उद्या चिंचवडच्या थिएटरात नवा खेळ लागणार, आणि जुन्या खेळाबरोबर त्याच्याआधी दाखवतात ते सरकारी रीळही जाणार – तो माहितीपट, ज्याला लोक डाक्युमेंटरी म्हणतात आणि जो चालू असताना बाहेर विड्या ओढत उभे राहतात. डब्यात बंद होऊन तो दुसऱ्या कुठल्यातरी गावच्या पडद्यावर जाईल. या वेळच्या रिळात पिंपरी-चिंचवडचे कारखाने होते, आणि त्या कारखान्यांत, पत्र्याच्या चादरी आणि प्रेसच्या जबड्यामध्ये, भिमाजी होता. मी. मी आहे त्यात.

हे त्याला ज्योतीरामने सांगितलं होतं, गेल्या शनिवारी, आणि तेही तोंडाने नव्हे. प्रेस शॉपमध्ये तोंडाने कुणीच बोलत नसे. तिथे बोलायचं ते हातांनी – कॉलर चिमटीत धरली की साहेब, अंगठा ओठांना लावला की चहा, हवेत गोल पोट काढलं की फोरमन यशवंतराव – आणि ही भाषा कुणी कुणाला शिकवली नव्हती. नवा माणूस आठवडाभर गोंधळायचा आणि मग एके दिवशी त्याचे हात आपोआप बोलू लागायचे. ज्योतीराम मोशीचा, शेतकऱ्याचा मुलगा, समोरच्या प्रेसवर. त्याने डोळ्यांपुढे मूठ धरून कॅमेऱ्याचं हँडल फिरवलं, मग भिमाजीकडे बोट केलं, मग दोन्ही हातांनी हवेत एक मोठा चौकोन आखला – पडदा. आणि त्यानंतर दोन बोटं खांद्यावरून छातीपर्यंत खाली ओढली, वेणी ओढावी तशी. म्हणजे मुलगी. मुलीला घेऊन जा.

बाकी काही सांगायला तो तयार नव्हता. आज शिफ्ट सुटल्यावरही, हात धुवायच्या नळापाशी, जिथे आवाज पुन्हा माणसांचे होतात, तो नुसता हसत होता.

“आज तरी जातुयास ना, भिमाजीराव? उद्या गेलं मंग त्ये रीळ.”

“जाणार. नीला कॉलेजातून परस्पर येणार आहे. सहाच्या खेळाला.”

“येवडे दिस थांबलास! म्या असतो तर पयल्याच दिशी पळालो असतो.”

“तिच्याबरोबरच बघायचं होतं,” भिमाजी म्हणाला, आणि मग आठवडाभर मनात ठुसठुसत होतं ते विचारून टाकलं. “पण त्यात नेमकं काय आलंय? यशवंतरावांचं पोट तर नाही ना आलं?”

नळावरची सगळी माणसं एकदम गप्प झाली. आपला आवाज किती मोठा लागतो हे भिमाजीला नेहमी असंच कळे – स्वतःच्या कानाने नव्हे, दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरून. यशवंतराव पलीकडेच टॉवेलने मान पुसत होते.

“माझ्या पोटाचं काय रे?”

“काय न्हाई, सायेब,” ज्योतीराम म्हणाला. “पोटासाठीच समदं चाललंय म्हनतोय त्यो.”

यशवंतरावांनी टॉवेल खांद्यावर टाकला, दोघांकडे एकदा पाहिलं आणि ते हसू दाबत निघून गेले. नळावर हशा उसळला. भिमाजीपर्यंत तो पोचला तो भिंतीपलीकडून आल्यासारखा. पण तोही हसला, कारण सगळे हसत होते. अलीकडे त्याला हे जमू लागलं होतं. लोक हसले की हसायचं, थांबले की ‘हो, हो’ म्हणायचं. बहिरेपणा लपवणं हेही एक कसबच होतं, प्रेसवरच्या कामाइतकंच लक्ष मागणारं.

घरी लपत नसे. मुलगी बोलते आहे हे ओठांवरून दिसे, पण घरातल्या बोलण्याचा वेग शॉपमधल्यासारखा नसतो, त्याला हातांचा आधार नसतो, शब्द निसटत. सुरुवातीला नीला दोनदा-तीनदा सांगायची. मग एकदा. मग, नेमकं कधी कुणास ठाऊक, ती आईकडे बघून बोलू लागली – “आई, बाबांना सांग, उद्या फी भरायची आहे” – आणि शालनबाई तेच वाक्य त्याच्या डाव्या कानाशी येऊन म्हणू लागली. नीला उद्धट नव्हती. मायाळूच होती. पण एकदा बसस्टॉपवर, मैत्रिणींच्या घोळक्यात ती उभी असताना त्याने लांबून हाक मारली होती, डबा विसरलीस म्हणून, आणि तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे क्षणभर येऊन गेलं... ते ऐकायला कान लागत नव्हते. त्यानंतर त्याने तिला रस्त्यात हाक मारली नाही. आणि आता पुढच्या महिन्यात ती पुण्याच्या वसतिगृहात राहायला जाणार होती. घरातल्या घरात जे सुकत चाललंय ते इतक्या लांबून कसं ओलं राहायचं?

म्हणून हे रीळ. तिने मला एकदा तिथे पाहायला हवं. जिथे मी ओरडत नाही. जिथे मला सगळं कळतं.

रीळ काढायला माणसं आली होती त्याला आता दोन वर्षं झाली. एक हडकुळा, दाढीवाला दिग्दर्शक, त्याचे दोन सोबती, आणि असे प्रखर दिवे की पत्र्यावरचं तेल चकाकू लागलं होतं. “कॅमेऱ्याकडे बघायचं नाही,” दिग्दर्शकाने बजावलं होतं, “रोजच्यासारखं काम करा.” रोजच्यासारखं म्हणजे हातांनी बोलतही, आणि ते दोन दिवस शॉपमध्ये हातांना नुसता ऊत आला होता. दिव्यांखाली घामाघूम झालेल्या त्या माणसांवर केवढ्या कोट्या केल्या आपण! त्यांतलंच काही पडद्यावर आलं असेल तर? बाहेरच्या कुणाला समजणार नाही, हे खरं. पण अख्खं शॉप समजेल, आणि नीला शेजारी बसलेली असेल, आणि माणसं खिदळतील... बापाला हसताहेत असंच तिला वाटेल.

चाळीतल्या मोरीत त्याने डोक्यावरून पाणी घेतलं, नखांमधलं काळं ब्रशने काढायचा प्रयत्न केला, ते निघालं नाही तसं सोडून दिलं. शालनबाईने लग्नकार्याला नेसायचं लुगडं काढलं होतं. “एवढं नटायला काय झालं?” त्याने विचारलं. ती त्याच्या डाव्या बाजूला आली आणि म्हणाली, “माझा नवरा सिनेमात आहे, मी काय घरच्या पातळात जाऊ?” आणि तो खरोखर, पोटातून, हसला.

थिएटरच्या दाराशी पाच वाजून गेल्यापासून दोघे उभे होते. पुण्याहून निगडीला जाणाऱ्या बसमधून माणसं उतरत, पांगत. त्यांत नीला नव्हती. घंटा झाली असावी, कारण आवारातली माणसं आत सरकू लागली – सगळी नाही. पुष्कळजण पानाच्या ठेल्यापाशी रेंगाळले, रीळ संपल्यावर जाऊ म्हणून. भिमाजीला त्यांचा राग आला. या आठवड्यापर्यंत तोही त्यांच्यातलाच एक होता. एकामागून एक धरणं, कालवे, गव्हाची शेतं पडद्यावरून गेली असतील आणि त्या शेतांत, त्या धरणांवर कुणी ना कुणी उभा असेल, ज्याच्या घरचे कुठल्यातरी गावात पडद्याकडे डोळे लावून बसले असतील... आणि मी बाहेर विडी ओढत होतो.

“येईल हो ती,” शालनबाई म्हणाली. “चला आत. नाहीतर तुमचंही जायचं.”

नीलाचं तिकीट त्याने दारावरच्या माणसाजवळ ठेवलं. “निळ्या साडीतली मुलगी येईल,” तो म्हणाला, आणि पाच-सहा जणांनी वळून पाहिलं तेव्हा कळलं की आपण पुन्हा मोठ्याने बोललो.

डावीकडची खुर्ची त्याने मोकळी ठेवली. दिवे मालवले. मागच्या रांगांत कुणीतरी शीळ घातली असावी. त्याने वळून पाहिलं तर ज्योतीराम – आणि त्याच्या शेजारी, ओळीने, पहिल्या शिफ्टची निम्मी माणसं. पुन्हा तिकीट काढून आली होती. ज्योतीरामने अंधारात वेणीची खूण केली, आणि हात पालथा करून विचारलं: कुठाय? भिमाजीने मान हलवली.

पडद्यावर नदी आली, जोंधळ्याचं रान आलं, मग त्या रानातून उठलेल्या भिंती, धुराडी, सायकलींचा लोंढा. शालनबाईने त्याचं मनगट धरलं. आणि शॉप – त्यांचं शॉप – एवढं मोठं, की ज्या छपराखाली इतकी वर्षं गेली ते त्याला प्रथमच दिसलं. प्रेस खाली येत होता, वर जात होता, आणि भिमाजीला त्याचा काहीच आवाज येत नव्हता. गेला, डावाही गेला – त्याने घाईने कानाला हात लावला.

“बासरी वाजतीय,” शालनबाई कानाशी म्हणाली. “काय गोड वाजतीय हो!”

आमच्या शॉपमध्ये बासरी... तो हसणार तोच पडद्यावर त्याचा चेहरा आला.

हा मी? कपाळावर तेलाचा ओघळ, नजर समोर कुणावर तरी रोखलेली, आणि त्या नजरेत इतका आनंद की तो चेहरा आपला आहे हे पटायला वेळ लागला. त्या चेहऱ्याने – त्या माणसाने – दोन बोटं खांद्यावरून छातीपर्यंत ओढली. मग उजव्या हाताची मूठ वळली आणि डाव्या तळहातावर दाणकन आपटली.

मुलगी. पास.

तपासणीत उतरलेल्या भागावर जसा शिक्का मारतात तसा. सगळं एकदम परत आलं: निकालाचा दिवस तो, गेटवरचा वॉचमन धावत आला होता, त्याचं तोंड हलत होतं आणि काही कळत नव्हतं, तेव्हा त्याने खिशातला खडू काढून समोरच्या पत्र्यावरच लिहिलं होतं – ‘नीला पास’. आणि भिमाजीने ती अक्षरं पुसली नव्हती. पत्रा तसाच प्रेसखाली सरकवला होता, आणि बाहेर आला तेव्हा त्याचा मडगार्ड झाला होता, वाकलेल्या अक्षरांसकट. कॅमेरा तेव्हा चालू होता. त्याच्या घराण्यात मॅट्रिक झालेलं ते पहिलं माणूस, आणि ती बातमी त्याने सांगितली ती सबंध देशाला, आणि हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

मागे टाळ्यांचा कडकडाट झाला. तो त्याला ऐकू आला. थेट. त्याने वळून पाहिलं: प्रेस शॉपची माणसं उभी राहिली होती, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्यांच्या नजरेमागे त्याची नजर गेली. दोन रांगांमधल्या वाटेवर, पायांशी डोअरकीपरच्या बॅटरीचा उजेड, वह्या छातीशी धरलेल्या – नीला उभी होती, आणि पडद्यावरच्या त्याच्या चेहऱ्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता.

मग पडद्यावरून विजेच्या तारा गेल्या, तिरंगा आला, नावांच्या पाट्या गेल्या. ती येऊन डावीकडे बसली. पुढचा सबंध हिंदी पिक्चर भिमाजीने पाहिला आणि त्यातलं एक दृश्यही त्याला दिसलं नाही.

परतीच्या वाटेवर शालनबाई पुढे चालत होती, तिला दोन शेजारणी भेटल्या होत्या आणि सांगायला पुष्कळ होतं. मुंबई-पुणे रस्त्यावरून ट्रक जात होते. नीला त्याच्या डाव्या हाताला चालत होती. मुद्दाम की सहज, हे त्याने ठरवलं नाही.

“बाबा,” ती म्हणाली. कानाशी, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. आईकडे न बघता. “बस वाटेत बंद पडली. पळत आले. पण तुमचं सगळं पाहिलं मी.”

“पाहिलंस?”

“हो. तुम्ही मूठ आपटलीत ना, तेव्हा रिळातला तो बोलणारा म्हणाला – हा पाहा, भारतीय कामगाराचा निर्धार.”

निर्धार! भिमाजीला त्या दाढीवाल्या दिग्दर्शकाबद्दल माया वाटली. बिचाऱ्याने आपल्या परीने काही चुकीचं सांगितलं नव्हतं.

थोडं अंतर गेलं. एक ट्रक गेला, मग रस्ता शांत झाला.

“पण मग,” नीलाने विचारलं, “टाळ्या वाजवताना ती सगळी माणसं माझ्याकडे का बघत होती?”

प्रश्न स्वच्छ ऐकू आला. इतका स्वच्छ, की तिच्या आवाजात शेवटी जो किंचित कंप होता तोही. उत्तर दोन शब्दांचं होतं आणि ते जिभेवर आलंही होतं. पण आपण ते मोठ्याने बोलू, सगळा रस्ता वळून पाहील, आणि दोन वर्षं रिळाच्या डब्यात जपून राहिलेली ती गोष्ट एका ओरडण्यात संपून जाईल, असं त्याला वाटलं... की आणखी काही होतं? ऐकू आलं नाही तेव्हा आल्यासारखं दाखवत त्याने किती वर्षं काढली होती. आज पहिल्यांदाच, सगळं ऐकू आलेलं असताना, भिमाजी ऐकू न आल्यासारखा समोर बघत चालत राहिला.

खिशात कापसाचा बोळा बोटांना लागला. त्याने तो चुरगळला. तो चालत होता, ताठ, पडद्यावरच्या त्या माणसासारखा – डावा कान किंचित तिच्याकडे कलता ठेवून. ती पुन्हा विचारील. तिने पुन्हा विचारावं.