एका बारात तळं

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात राजस्थानच्या वाळवंटात आपल्या देशाने अणुस्फोट केला, आणि पारनेर तालुक्यातल्या त्या कोरड्या गावात ती बातमी सगळ्यांत मोठ्या आवाजात वाचली विजयमालाने. नुकती नववीत गेलेली पोर, पण पारावर पेपर घेऊन उभी राहिली की म्हातारेकोतारेसुद्धा बिड्या विझवून ऐकायचे. स्फोट जमिनीखाली झालाय, शांततेच्या कामासाठी झालाय, पुढेमागे अशाने खाणी खणता येतील, असं काहीबाही पेपरात होतं. गावाने त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला. इथे विहीर खोल करायची म्हणजे खडकाला भोकं पाडायची, दारू ठासायची नि बार उडवायचा. तेव्हा आता सरकारकडे थोरला बार आलाय, असं ठरलं. एक उडवला की डोंगराखाली तळं तयार. विजयमालाने कुणाचा गैरसमज काढला नाही. तिचा स्वतःचाच तसा समज झाला होता.

घरात ज्याचं त्याचं निराळं. एकाहत्तरच्या लढाईत तिच्या वडिलांनी, सहादेवने, घरामागे खंदक खणला होता आणि कंदिलाच्या काचेला काळा कागद डकवून पोरांना रात्र रात्र गप्प बसवलं होतं. आता पुन्हा खंदक खणायला नको, आपल्या वाटेला कोण जातंय, असं म्हणून तो निर्धास्त झाला होता. आईने एवढंच विचारलं की त्याने हंडा भरणार का. आणि तिसरे आबा, म्हणजे आजोबा कारभारी. मराठा पलटणीतून दुसरं महायुद्ध लढलेला माणूस, ते संपल्यावर पलटणीबरोबर जपानातही राहून आलेला. त्यांनी पानाची चंची काढली आणि पान न लावताच पुन्हा गुंडाळून ठेवली.

जूनमध्ये शाळा उघडल्या उघडल्या हेडमास्तरांनी शनिवारी सभा ठेवली आणि भाषणाला विजयमालाचं नाव घेतलं. गावापुढे बोलणारी त्या शाळेतली ती पहिली मुलगी. तिचे पाय जमिनीवर ठरेनात. आबांनी पदकं लावून पहिल्या रांगेत बसायचं, हे तिने परस्पर ठरवून टाकलं. सातवीनंतर तिची शाळा सुटायची वेळ आली तेव्हा आबांनीच मुलाशी भांडून ती चालू ठेवली होती. तिचं बोलणं त्यांनी ऐकलं नाही तर गावाने ऐकून काय उपयोग?

आबा म्हणाले, आधी मला म्हणून दाखव.

म्हणून शुक्रवारी ती विहिरीवर गेली. सहादेव खाली दारू ठासत होता, आबा काठावर हाळी द्यायला उभे. मधल्या वेळात तिने हातवारे करून सगळं भाषण म्हटलं. शेवटचं वाक्य तिचं लाडकं होतं: "एका बारात आपल्या गावात तळं उभं राहील, आणि कुणाला साधं खरचटणारही नाही."

आबा काही बोलणार तेवढ्यात खालून सहादेव ओरडला, की सगळं तयार आहे. आबांनी तोंडाला हात लावून चारी दिशांना हाळी दिली. पलीकडच्या बांधावर म्हातारी बायडाबाई शेळ्या चारत होती. सहादेव काठावर डोकावून म्हणाला, ती लांब आहे, पेटवतो. आबा म्हणाले, थांब. म्हातारी शेळ्या गोळा करीत, शिव्या देत, लंगडत वळणाआड जाईपर्यंत त्यांनी वात पेटवू दिली नाही. विजयमाला वैतागली. एक म्हातारी नि चार शेळ्या, त्यांच्यासाठी किती वेळ घालवायचा?

बार उडाला. धुरळा खाली बसेपर्यंत आबा विहिरीकडेच बघत होते.

"जपानात एक बाई आमच्या पहाऱ्यापुढनं रोज नदीवर जायची," ते म्हणाले. "पोरीला हुडकायला. दुभाष्यानं सांगितलं आमाला. शाळेच्या पोरी रस्त्याच्या कामाला लावल्या हुत्या. तू दुष्काळात पाट्या उचलल्यास का न्हाई, तशाच. धोका टळल्याचा भोंगा वाजून गेलता, आता भ्या न्हाई म्हनून पोरी कामाला लागल्या. आन् मग वरनं असलाच थोरला बार पडला. अंग भाजलं तशा समद्या पान्याकडं पळाल्या."

"सापडली का ती?"

"नदी भरून पोरी हुत्या, विजे."

आता हे भाषणात घालू का, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिने ते गिळलं. आबा म्हणाले, "बाकी काय बोलायचं ते बोल. तेवढं एक वाक्य काढ. मंग येतो."

"बघते," ती म्हणाली. आबांना ते हो वाटलं.

शनिवारी ते आले. धुतलेला फेटा, छातीवर पदकं, पहिली रांग. विजयमाला बोलायला उभी राहिली आणि आवाज असा लागला की झाडावरचे कावळे उडाले. वाक्य काढायचं हे तिने खरंच ठरवलं होतं. पण शेवटाशी आली तेव्हा समोर सगळं गाव बसलेलं, टँकरची वाट बघून बघून सुकलेली तोंडं, आणि ती सगळी जणू तेवढ्याच एका वाक्यासाठी थांबलेली. पारावर महिनाभर तिनेच तर ते घोळवलं होतं. ती आबांकडे न बघता बोलून गेली. एका बारात तळं. कुणाला साधं खरचटणारही नाही.

टाळ्या थांबेनात. हेडमास्तरांनी पाठ थोपटली. शेजारच्या माणसांनी आबांचीही थोपटली, नातीने नाव काढलं म्हणून, आणि आबा हात मांडीवर ठेवून तसेच बसून राहिले.

सभा उठल्यावर बायडाबाई काठी टेकत त्यांच्यापुढे आली. "कारभारीआबा, तुमच्या नातीनं लई ग्वाड सांगितलं. मंग तळं कवा व्हायचं?"

"तिलाच इचार," आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच विजयमालाला सोसेना.

म्हातारी तिच्याकडे वळली. मागोमाग आणखी चार बायका वळल्या. आबाही बघत होते. मला माहीत नाही, एवढंच तर म्हणायचं होतं.

"लवकर," ती म्हणाली.

बायका हसत निघून गेल्या. आबांनी काठी उचलली नि घरची वाट धरली. विजयमाला मागून चालू लागली. चार पावलं पळत गेली असती तर गाठलं असतं, पण तिने तेवढं अंतर तसंच राहू दिलं.