डावी बाही

भाचीचं अ‍ॅप आज पाच वाजता काढून टाकणार होते. दोन वर्षं राबून तिने ते केलं होतं: माप टाका, ब्लाउजचं कटिंग फोनवर हजर. कुणा लबाडाने ते जसंच्या तसं उचललं, नुसता रंग बदलला, आणि वर अ‍ॅप स्टोअरकडे तक्रार ठोकली की नक्कल भाचीनेच केली. अस्सल कोणतं ते ठरवायला स्टोअरची तपासनीस बाई व्हिडिओ कॉलवर आली होती. मावशीच्या शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून भाची बसली होती, आणि मागे उभी राहून मावशी त्या लबाडाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती, अर्थात मनातल्या मनात.

"एक सांगा," तपासनीस म्हणाली, "माप न टाकता नमुना उघडला, तर दोन्ही अ‍ॅपमध्ये डावी बाही अर्धा इंच लांब येते. ती का?"

भाचीचा चेहरा पडला. "चूक झाली असेल. मावशीच्या कागदी नमुन्यांवरून घेतलंय सगळं."

"समोरच्यांनाही विचारलं. म्हणाले, नवी फॅशन आहे."

मावशीने ती बाही लगेच ओळखली. लहानपणी तिचा उजवा हात मोडला होता; जुळला, पण अर्धा इंच आखूडच राहिला. ते नमुने तिने स्वतःच्या अंगावर बेतले होते. तीस वर्षं बाह्या अशा शिवल्या की नवऱ्यालाही पत्ता नाही. आणि नवरा, म्हणजे भाचीचे काका, शेजारीच इस्त्री करत होते.

"अहो, जरा काळा दोरा आणता?"

"कालच तर सहा रिळं आणली!"

झालं! आता गप्प बसावं, तर पोरीच्या दोन वर्षांवर पाणी पडणार. मावशीने गळ्यातली टेप काढून भाचीच्या हातात कोंबली आणि कॅमेऱ्यापुढे दोन्ही हात ताठ सोडले. लाजेने तिचे कान तापले होते.

"मोज."

"उजवा वीस. डावा... साडेवीस!"

"आता त्या फॅशनवाल्याला म्हणावं, दाखव तुझे हात."

तपासनीस बाईने हसू दाबत काहीतरी लिहून घेतलं. काकांची इस्त्री हवेतच थांबली होती. "म्हणजे फोटोत तू कमरेवर हात ठेवायचीस, तो नखरा नव्हता?"

"नखराच होता तो," मावशी फणकारली. "शर्ट जळेल, बघा तिकडे."

पावणेपाचला निकाल आला: अ‍ॅप भाचीचं, नक्कल स्टोअरमधून बाहेर. भाचीने मावशीला घट्ट मिठी मारली आणि लगेच लॅपटॉपकडे वळली. "थांब, आता ती डाव्या बाहीची चूक तेवढी दुरुस्त करते."

मावशीने लॅपटॉप खाडकन मिटला.

"चूक कुणाला म्हणतेस गं? हात आहे तो माझा."