एकेक ठोका

धाकटीला रेकॉर्डिंगच्या दिवशीच शंका यायला हवी होती. पण ड्रम वाजवणाऱ्यांना एक खोड असते. कुणी ‘एकेक वाजव’ म्हटलं, की ते मुकाट्याने वाजवतात. कार्यक्रमाआधी माइक जुळवताना दर वेळी हेच चालतं: आधी पायाचा मोठा ड्रम, मग स्नेअर म्हणजे समोरचा छोटा ड्रम, मग झांजा. त्यात डोकं लागत नाही, म्हणून तिनेही ते चालवलं नाही.

बँड तिचा आणि दादाचा. लहानपणी दादा पलंगावर उभा राहून गायचा आणि ही पत्र्याचे डबे बडवायची. पुढे की-बोर्ड घेऊन एक चष्मेवाला पोरगा आला, त्याचं नावच चष्मा पडलं, आणि बघता बघता दादाच्या गळ्यातला ताईत झाला. रॉक आता कोण ऐकतं, असं चष्म्याचं म्हणणं. एकच गाणं काढायचं, सिंथ-पॉप, सगळं की-बोर्ड आणि कॉम्प्युटरवरचं, पण गल्लोगल्ली वाजलं पाहिजे. धाकटीलाही ते गाणं आवडलं होतं. त्यासाठी तिने किंचित मागे रेंगाळणारा एक ठेका बसवला होता आणि तो वाजवायला तिचे हात शिवशिवत होते.

रेकॉर्डिंगच्या खोलीत चष्मा काचेपलीकडून सांगत होता. “जोरात. आता हळू. आता कडेवर. आणि आवाज विरेपर्यंत हलू नकोस.”

“आज माइक फारच लाडात आलेत,” ती म्हणाली.

पलीकडे कुणी हसलं नाही. दादा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता; एरवी तिच्या फुटकळ विनोदालाही पोट धरून हसणारा माणूस. तिच्या मनात पाल चुकचुकली, पण तिने कानाडोळा केला. सगळे ड्रम झाल्यावर तिने खांदे सैल केले.

“चला, आता गाणं घेऊ या.”

“नको,” चष्मा म्हणाला. “तुझं झालं.”

“काय झालं? मी अजून वाजवलंच नाही.”

“घरी जा तू,” दादा मान वर न करता म्हणाला. “दमली असशील.”

ती जराही दमली नव्हती.

गाणं बाहेर पडलं तेव्हा धाकटी केस कापायच्या दुकानात, गळ्याभोवती कापड गुंडाळून बसली होती. रेडिओवर ते लागलं आणि तिने कान टवकारले. स्नेअर तिचाच होता. एक स्क्रू ढिला असल्यामुळे त्याला बारीकशी खरखर होती, ती तिने झोपेतही ओळखली असती. पण ठेका पट्टीने आखल्यासारखा सरळ. तिचं रेंगाळणं कुठेच नव्हतं. चष्म्याने तिचे सुटे ठोके कॉम्प्युटरवर हवे तसे ओवले होते.

“तुमचाच बँड ना?” केस कापणारी म्हणाली. “काय वाजवलंय! एक ठोका चुकत नाही.”



घरी गेल्या गेल्या तिने दादाला धरलं. “मला विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर ठोके दिले असतेस?” तो शांतपणे म्हणाला. “आणि सगळ्या गाण्यात तूच आहेस की.”

“मग कार्यक्रमात मी काय करू?”

“नेहमीसारखी बस, वाजव. ठोके लॅपटॉपवरून येतील, तुझे माइक बंद असतील एवढंच. ड्रमवर कुणीतरी दिसायला हवं.”

सरळ नारळ दिला असता तरी तिला इतकं लागलं नसतं. तरी ती गेली. बँड तिचाही होता, आणि आपण जीव तोडून वाजवलं तर निदान दादाला तरी फरक कळेल, अशी वेडी आशा तिला होती.

दुपारचा कार्यक्रम, हॉल खच्चून भरलेला. तिने तिचा ठेका वाजवला, मनगटं दुखेपर्यंत. स्पीकरच्या दणदणाटात तो तिचा तिलाही धड ऐकू येईना. दादा एकदा मागे वळला. तिने ठोका आणखी जोरात मारला. पण त्याने लॅपटॉपचा दिवा चालू असल्याची खात्री केली आणि तो पुन्हा समोर वळला.

तिने काठ्या खाली ठेवल्या. गाणं अडलं नाही.

मग सगळी वाद्यं थांबली आणि एकट्या ड्रम्सचा तुकडा सुरू झाला.

“ड्रम्सवर, माझी धाकटी बहीण!” दादा लोकांकडे बघतच ओरडला आणि त्याने हात मागे पसरला.

हॉल टाळ्यांनी दणाणला. स्पीकरमधून तिचे ठोके एकामागून एक कोसळत होते, खरखरीसकट. धाकटीचे हात मांडीवर होते. तिने सवयीने मान झुकवली.