चौथ्या परिच्छेदातलं ‘अल’

“शाबाई, सही करा आणि मोकळ्या व्हा. एक वाजता गाडी निघायचीय.”

“सही नाही करत, साहेब.”

कोंग साहेब दारातच थांबले. विभागप्रमुख होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात अरबी प्रूफं तपासणाऱ्या शा युन्फेंगने सही अडवल्याचं त्यांना आठवत नव्हतं. शंका असली तर ती पेन्सिलीने समासात बारीकशी खूण करी, उत्तर मिळालं की खूण पुसून टाकी आणि कागद पुढे सरकवी. छापखान्यातल्या नव्या लोकांना तर तिचा आवाजही ओळखता आला नसता.

तिच्यासमोर दोन कागद होते. एक कालचं प्रूफ, दुसरा आज सकाळी छापलेला. दोन्ही अरबीत. बीजिंगच्या पश्चिमेला एका अतिथिगृहात तीन दिवस सात पॅलेस्टिनी आणि सहा इस्रायली बसले होते. मंत्री कोणी नव्हतं. निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, एक डॉक्टर. पण चीन सरकारने बोलावलेलं, चीनचा माणूस मध्ये बसलेला, आणि आज तीन वाजता त्यांच्या एकत्रित निवेदनावर सह्या व्हायच्या होत्या. हिब्रू प्रत इस्रायलींनी स्वतःच तयार करून आणली होती. अरबी इथे छापली होती. दोनशे प्रतींचा गठ्ठा बांधून तयार होता.

“चौथा परिच्छेद,” युन्फेंग म्हणाली. “काल ‘अल’ होतं. आज नाहीये.”

“म्हणजे काय, जरा समजेल असं सांगा.”

“आपल्या भाषेत ते नाहीच, म्हणून सांगायला अवघड. ‘अल’ असलं की अर्थ होतो, ‘ते व्यापलेले प्रदेश सोडावेत’. ते म्हणजे सदुसष्टच्या लढाईत इस्रायलने घेतलेले, सगळे. ‘अल’ काढलं की ‘व्यापलेले प्रदेश सोडावेत’. कोणते, किती? ज्याचं त्याने ठरवावं.”

“दोन अक्षरांसाठी?”

“चार. नामाला एकदा, विशेषणाला एकदा.”

कोंग साहेब खुर्चीवर बसले. ते वाईट नव्हते, फक्त मंजुरीचा शिक्का त्यांना माणसापेक्षा खरा वाटे. “हे बघा, सकाळच्या प्रतीवर शिक्का आहे. आणि समजा, त्यांनीच घासाघीस करून ते काढलं असेल तर? तुम्ही परत घातलंत आणि सगळं मोडलं तर?”

“म्हणूनच मी घालत नाहीये. विचारायचं म्हणतेय.”

“ल्याओला फोन करा, अनुवाद त्यानेच केलाय.”

“तीनदा केला. सभागृहात फोन बंद ठेवायला लावतात.”

“मग?”

“मी जाते.”

“तुम्ही?” साहेबांना हसू आलं. “बरं, जा. पण मी पाठवलं म्हणून सांगू नका.”

टॅक्सीत तिने दोन्ही कागद मांडीवर घट्ट धरून ठेवले. पुढच्या वर्षीच्या ऑलिम्पिकसाठी अर्धं शहर उकरून ठेवलं होतं, गाडी पावलापावलाने चालली होती. ड्रायव्हरने विचारलं, “काय, नातवंडाचा निकाल का?”

ती बावन्न वर्षांची होती. शहरातल्याच निउजिए भागात हुई, म्हणजे चिनी मुसलमानांच्या घरात वाढलेली. सरकारने मशिदीला कुलूप लावलं होतं त्या वर्षांत आजोबांनी तिला अरबी अक्षरं शिकवली, रोट्या लाटायच्या फळीवर पीठ पसरून, जेवायच्या काडीने. अर्थ त्यांनाही फारसा माहीत नव्हता. ते कुराण सुरात म्हणत, ती मागून म्हणे, मग हात फिरवून पीठ सारखं करत. अठराव्या वर्षी छापखान्यात लागली तेव्हा तिथल्या प्रमुखाने छपाईच्या अरबी खिळ्यांची पेटी पुढे करून विचारलं होतं, “या अळ्या कुणाला ओळखू येतात?” आणि तिने भीत भीत हात वर केला होता.

तिने जुळवलेलं पहिलं पुस्तक पॅलेस्टिनी छापामारांना पाठिंबा देणारं होतं. बंदूक हा शब्द इतक्या वेळा आला, की एका अक्षराचे खिळे कमी पडले. पुढे मजकुराचा सूर बदलत गेला. अठ्ठ्याऐंशी साली चीनने पॅलेस्टाइनला देश म्हणून मान्यता दिली, तो कागद तिनेच तपासला. ब्याण्णवमध्ये इस्रायलशीही संबंध जुळले आणि बंदूक हा शब्द हळूहळू दिसेनासा झाला. त्याच्या जागी वाटाघाट, सीमा, पाणी, परतणं असे शब्द आले. अर्थ ती रात्रशाळेत आणि जाड शब्दकोशातून शिकली. चौतीस वर्षांत सरकार या प्रश्नावर जे जे म्हणालं, त्यातलं बरंचसं तिच्या हाताखालून गेलं. आणि त्यात ‘व्यापलेले प्रदेश’ आले, की ‘अल’ असायचंच. तिने कधी एकाही अरब माणसाशी बोलून पाहिलं नव्हतं.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने ओळखपत्र उलटसुलट केलं. “छापखाना? छापखान्याचं इथे काय काम?”

“छापलेल्यात चूक आहे.”

या एका वाक्याने फाटक उघडलं. पुढे दारावर तेच सांगितलं, दार उघडलं. तिसऱ्या दारातून अनुवादक ल्याओ धावतच बाहेर आला. पस्तिशीचा, कैरोला शिकून आलेला, टाय सैल झालेला.

“शाताई! तुम्ही इथे कशा?”

तिने दोन्ही कागद त्याच्यापुढे धरले. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्याचे कान लाल झाले.

“सकाळी तारीख बदलली हो... तेवढंच बदलायचं होतं. मी घाईत अख्खा परिच्छेद चिनीवरून परत उतरवला.”

“काढायला कुणी सांगितलं होतं?”

“नाही. म्हणजे... माहीत नाही. ते इंग्रजीत बोलत होते, मी दुसऱ्या टेबलावर होतो.”

“मग विचार.”

“आत्ता? सगळ्यांसमोर? ताई, माझी नोकरी जाईल.”

“नंतर त्यांनी घरी जाऊन वाचलं तर काय काय जाईल?” ती म्हणाली. “मला बोलता येत नाही रे, नाहीतर मीच विचारलं असतं. मला फक्त अक्षरं येतात.”

ल्याओने टाय सारखा केला आणि तिला आत घेऊन गेला.

लांब टेबलावर चहाचे पेले होते. पॅलेस्टिनी बाजूचे प्रमुख वासिफ नज्जार हे नाब्लुसचे निवृत्त मुख्याध्यापक. ल्याओने दिलेला सकाळचा कागद त्यांनी डोळ्यांजवळ नेला. वाचता वाचता त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. शेजारच्या तरुण डॉक्टरने मान वाकवून पाहिलं आणि तो खुर्ची मागे ढकलून उभाच राहिला.

“फसवलं! एवढ्या लांब बोलावून फसवलं! तीन दिवस बोलायचं एक आणि छापायचं भलतंच!” आणखी दोघं उठले. एकाने तर बॅग उचलली.

युन्फेंगला शब्द कळले नाहीत, बॅग कळली. आपण हे काय करून बसलो, असं तिच्या मनात आलं. चिनी यजमानाने उभं राहून “कृपया, कृपया” म्हटलं, ते कुणी ऐकलं नाही.

वासिफांनी मात्र टेबलापलीकडे पाहिलं. तिथे तिर्झा अल्कलाय बसली होती, हैफाची, पाण्याच्या योजनांवर आयुष्य काढलेली अभियंता, इस्रायली गटाची प्रमुख. त्यांनी इंग्रजीत विचारलं, “तिर्झा, सकाळी हे काढायचं ठरलं होतं का?”

तिने ‘हो’ म्हटलं असतं, तर सकाळच्या गडबडीत काय ठरलं हे सिद्ध करणं कुणाला सोपं गेलं नसतं. शेजारचा सहकारी तिच्या कानाशी लागला. तिने त्याचा हात बाजूला केला, चष्मा लावला आणि आपली हिब्रू प्रत उघडली.

“आमच्या भाषेत याला ‘हा’ म्हणतात,” ती म्हणाली आणि ल्याओ तसं चिनीत सांगत गेला. “इथे आहे. बघा. या शब्दावर मी दोन दिवस भांडले आणि हरले. हरले ते हरले. छापखान्याच्या चुकीने मला जिंकायचं नाहीये.”

वासिफ खाली बसले. “दोन दिवस!” ते म्हणाले. “या बाईने मला एक पेला चहा सुखाने पिऊ दिला नाही.”

कुणीतरी हसलं. डॉक्टरही बसला. बॅग खाली गेली.

तेवढ्यात ल्याओ न विचारता बोलला, आधी अरबीत, मग इंग्रजीत. शेवटी युन्फेंगकडे वळून त्याने तेच चिनीत सांगितलं, “मी म्हटलं, चूक छापखान्याची नाही. माझी आहे. छापखान्याने पकडली.”

टेबलाच्या दोन्ही बाजूंचे लोक तिच्याकडे पाहू लागले. तिर्झा उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि तिने युन्फेंगचा गार हात दोन्ही हातांत धरला. यजमानांनी घड्याळ पाहिलं. “तीनला जमणार नाही. चारला जमेल?”

युन्फेंगने बाहेर येऊन फोन लावला.

“साहेब, ‘अल’ हवंय. दोन्हीकडे. सगळ्या प्रती परत छापाव्या लागतील.”

पलीकडून यंत्राची घरघर ऐकू आली.

“तुम्ही गेल्यापासून ते बंद केलंच नव्हतं,” कोंग साहेब म्हणाले. “कालचंच पान लावून ठेवलंय. तारीख फक्त आजच्या प्रतीतली घालतो. आणि शाबाई, मीच पाठवलं म्हणून सांगा.”

ती मोठ्याने हसली. इतक्या मोठ्याने, की शिपाई वळून बघायला लागला.

चारला दहा कमी असताना गठ्ठा आला. अजून शाई ओली वाटावी इतका ताजा. तिने कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून एक प्रत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि कोपऱ्यात सही केली. दार लागलं. थोड्या वेळाने आतून टाळ्या आल्या. आधी विरळ, मग बराच वेळ थांबेनात अशा.

तो कागद तेरा खाजगी माणसांचा होता. कुठलंही सरकार त्याने बांधलं जाणार नव्हतं, हे तिला माहीत होतं. इतके कागद हातातून गेल्यावर कुणालाही कळलं असतं. तरी तिला इतकं हलकं वाटत होतं, की ती आपली बाकावरून उठेचना.

दार उघडून वासिफ बाहेर आले, मागे ल्याओ. म्हाताऱ्याच्या हातात सह्या केलेली प्रत होती.

“ते विचारतायत,” ल्याओ म्हणाला, “इतकी वर्षं आमची भाषा वाचलीत, ती कधी कानाने ऐकलीत का?”

“आजोबांकडून. पण ते म्हणायचे ते वेगळं.”

वासिफ तिच्या शेजारी बाकावर बसले. मुख्याध्यापकाच्या सवयीने घसा साफ केला आणि वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात चौथा परिच्छेद सावकाश वाचू लागले. युन्फेंगचं बोट नकळत ओळीखाली गेलं, त्यांच्या आवाजाबरोबर उजवीकडून डावीकडे सरकत राहिलं. ‘अल’ आलं तिथे ते थबकलं, आणि पुढे गेलं.

वाचून झाल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“बरोबर,” ती म्हणाली.