चौथा स्क्रू

तोल्मीन गावातल्या कारखान्यात नवजात बाळांच्या काचपेटीखाली बसवायचे वजनाचे सेन्सर बनत. बाळाला न उचलता वजन कळावं, म्हणून. नव्या खेपेच्या चाचणीत पाचातला एक सेन्सर तीस-चाळीस ग्रॅम चुकू लागला. एवढ्याशा जिवाचं औषध वजनावरच ठरतं.

कारखान्याचे व्यवस्थापक विदमारसाहेब यांनी दोष झोफ्कावर टाकला. बावीस वर्षं जोडणी करणारी बाई. "हात थरथरतात तिचे. सोमवारपासून पॅकिंगला."

इंजिनीअर येर्नेयाने हरकत घेतली नाही. सेन्सरचं डिझाइन तिचं होतं. तिने मापं तपासली होती; वजन पेलणाऱ्या धातूच्या पट्ट्या ठरल्या मर्यादेत होत्या, स्क्रूही सारखेच आवळलेले. तरी दोन दिवस ती तेच आकडे पुन्हा पुन्हा पाहत राहिली.

शुक्रवारी ती झोफ्काच्या टेबलापाशी गेली. "स्क्रू आवळताना हाताला काय जाणवतं?"

"आता विचारताय, इंजिनीअरबाई? तीन सुखाने बसतात. चौथा आवळला की पट्टी अंग चोरते. कुठे कमी, कुठे जास्त. दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं तुम्हाला."

सांगितलं होतं खरं. तेव्हा येर्नेया म्हणाली होती, "तुम्ही फक्त माप पाळा."

स्क्रूंखालच्या चार बैठका कधीच अगदी एका पातळीत येत नाहीत. केसभर फरक राहतोच. चौथा स्क्रू पट्टी वाकवून तो फरक भरून काढत होता, आणि ते वाकणं वजन म्हणून दिसत होतं. तीन टेकूंवर मात्र पट्टी तिपाईसारखी कशीही नीट बसते.

तिने तीन टेकूंच्या नव्या पट्ट्या कापून घेतल्या. मग मुद्दाम सगळ्यात वाईट मापांचे सुटे भाग निवडले आणि झोफ्कालाच जोडायला दिले. सोमवारी विदमारसाहेबांसमोर वीस सेन्सर तपासले. प्रत्येक आकडा तिने स्वतः लिहून घेतला. एकही चार ग्रॅमच्या वर चुकला नाही.

"चूक माझ्या डिझाइनची होती," ती म्हणाली. "झोफ्काची नाही."

विदमारसाहेबांनी आकड्यांवरून पुन्हा नजर फिरवली. मग म्हणाले, "आणि पास होऊन दवाखान्यांत गेलेले जुने?"

हाच प्रश्न तिला शनिवारपासून छळत होता. वाकलेली पट्टी महिन्यांनी सैलावते, आकडा सरकतो. "परत मागवावे लागतील. फोन मीच करते."

पहिल्याच दवाखान्यातली नर्स म्हणाली, "थांबा हं, पेटीत बाळ आहे. साध्या काट्यावर ताडून सांगते."

येर्नेयाने फोन कानाशी घट्ट धरला. झोफ्का शेजारी येऊन बसली.

"अकरा ग्रॅमचा फरक," नर्स परत येऊन म्हणाली. "बाळ ठीक आहे. पण ही पेटी आम्ही आता वापरणार नाही."

"नकाच वापरू," येर्नेया म्हणाली. यादीत आणखी अठ्ठावीस दवाखाने होते. झोफ्काने यादी आपल्याकडे ओढली आणि दुसरा नंबर वाचायला घेतला.