केळीच्या मुळातला हमाल

जुना झालोय मी, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर दमलोही आहे. फैजपूरच्या शिवारात केळीची एक बाग आहे. त्या बागेतल्या एका खोडाच्या पांढऱ्या मुळीत मी राहतो. मी एक विकर आहे, म्हणजे एन्झाइम. तुमच्या लाळेत माझे भाऊबंद असतात, भाकरीचा घास चावता चावता गोड करणारे. त्यांचं नाव पुस्तकात येतं. मुळातल्या विकराला कोण विचारतो?

जुना म्हणजे तुमच्या आजोबांएवढा नव्हे. आमच्यातले बरेच जण थोड्याच दिवसांत मोडतात आणि पेशी त्यांच्या जागी नवे घडवते. मी त्या मानाने चिवट निघालो. पेशीने मला माळेसारखं ओवलं, घड्या घातल्या आणि मुळीच्या केसाएवढ्या बारीक तंतूच्या पडद्यात बसवून दिलं. तेव्हापासून माझं काम एकच, ढकलायचं.

मातीच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, नत्र, पालाश, असे कितीतरी. सरबत ओढावं तसं मूळ ते ओढून घेतं असं लोकांना वाटतं. तसं असतं तर मी कशाला राबलो असतो? बाहेर क्षार थोडे आणि आत जास्त, मग ते आपणहून आत कशाला येतील? म्हणून आधी मूळ श्वास घेतं. त्या श्वासावर साखर जाळून पेशी शक्तीच्या पुड्या बांधते. मी एकेक पुडी फोडतो आणि तिच्या जोरावर हायड्रोजनचे कण बाहेर ढकलतो. बाहेर त्यांची गर्दी झाली की ते पुन्हा आत घुसू बघतात, आणि येताना नत्राला हाताला धरून घेऊन येतात. माझ्या ढकलण्यामुळेच पालाशही आत खेचला जातो. शेजारी एक विकर कुजक्या पानांतून स्फुरद सोडवतो. दुसरा चुनखडीच्या मातीत अडकून बसलेलं लोह मोकळं करतो.

कामात विकर खर्च होत नाही, असं तुम्हाला शिकवतात म्हणे. शिकवणाऱ्याने एकदा आमच्याकडे पाळीला यावं.

बाग लीलाधर पाटलांची. त्यांना दम्याने गाठलं आणि बांधापर्यंत चालणंही जड झालं. तेव्हापासून सगळा कारभार लताबाईंच्या अंगावर पडला, त्यांच्या बायकोच्या. खोपीत खाटेवर बसून लीलाधर एकदा म्हणाले, "औंदा बाग चांगली निसवली, घड लागले तर ठीक. नाहीतर बाग हितेंद्रले देऊन टाकू, तोच कसन." हितेंद्र त्यांचा चुलतभाऊ. त्या दिवसापासून लताबाई बागेत अशा वागायला लागल्या, जणू माहेरची माणसं पंगतीला बसली आहेत आणि कुणाचं ताट रिकामं दिसता कामा नये.

मला कान नाहीत, पण मातीतून आवाज पोचतात. लाईटचं आमच्या शिवारात काही खरं नाही. कधी पहाटे येते, कधी भर दुपारी. म्हणून सगळ्यांच्या मोटरी ऑटोवर. लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते, कुणी बघायला असो वा नसो. लताबाईंनीही तेच केलं. "राहू दे ऑटोवर. लाईट येईन तवा केयीले पानी तर जाईन," त्या म्हणाल्या.

लाईट त्या आठवड्यात जरा जास्तच उदार झाली. ठिबकच्या नळ्या थांबेचनात. मातीतल्या बारीक पोकळ्यांत जी हवा असते ती पाण्याने हाकलून दिली. मुळीचा श्वास अडला. श्वास नाही तर पुडी नाही, आणि पुडी नाही तर मी हात तरी कशाच्या जोरावर उचलू?

वर पानं पिवळी पडू लागली. हितेंद्र बांधावरून आला. मनाने वाईट नाही तो, बघून हळहळला. "वहिनी, बाग उपाशी हाये. खत वाढवा," म्हणाला. लताबाईंनी ठिबकच्या टाकीत खत वाढवलं आणि पाण्याबरोबर ते आमच्या दारात येऊन पडलं. रास लागली क्षारांची. आम्ही सगळे विकर त्या राशीकडे बघत बसलो होतो. मित्रांनो, भरल्या ताटासमोर उपाशी बसणं काय असतं ते मी तेव्हा पाहिलं. कितीतरी सोबती तिथेच मोडले. माझी मुळी वरंब्याच्या उंच अंगाला होती, म्हणून मी राहिलो.

पानं आणखी पिवळी पडली. लताबाई आणखी खत सोडणार होत्या.

त्याच दुपारी त्या लीलाधरांचं ताट घेऊन खोपीत आल्या. दम्याचा झटका नुकताच येऊन गेला होता. लीलाधर ताटाला हात लावेनात. लताबाई आग्रह करत राहिल्या, भाकर वाढली, वरण वाढलं. शेवटी ताट बाजूला सारून ते म्हणाले, "अगं, आधी दम तर घेऊ दे. मंग जेवतो."

लताबाई उठल्या त्या थेट बागेत आल्या. पाय चिखलात रुतला. त्या खाली बसल्या, खोडाजवळची माती हाताने उकरली आणि नाकाशी नेली. आंबूस वास आला. एक मुळी ओढली तर साल निसटून बोटांत आली आणि आत नुसता काळा दोरा.

"या केयीचाही दम कोंडला," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आन् मी वाढतच रायली."

खताची टाकी त्यांनी बंद केली. मोटर ऑटोवरून काढली. फावडं घेऊन दोन ओळींमधून चर काढला, आणि साचलेलं पाणी नाल्याकडे निघालं. खालच्या कोपऱ्यातली खोडं गेलीच, ती काही परत आली नाहीत. बाकीच्या बागेत पोकळ्या मोकळ्या झाल्या आणि हवा आत आली. पहिली पुडी हातात पडली तेव्हा मला रडू आलं असतं, पण विकराला तीही सोय नाही.

नव्या पांढऱ्या मुळ्या फुटल्या. पोंग्यातून, शेंड्याच्या सुरळीतून, उलगडलेलं पान हिरवं निघालं. मग एका सकाळी आमचंच खोड निसवलं, घड बाहेर डोकावला. हितेंद्रने घडाला हात लावून बघितला आणि म्हणाला, "वहिनी, बाग तुमीच करा." लीलाधर खाटेवरून हसले. कौतुक घडाचं झालं, पानांचं झालं. आमचं नाव निघालं नाही. ते कधीच निघत नाही, सवय आहे.

मित्रांनो, कुणी पिवळं पडलेलं दिसलं तर लगेच वाढायला धावू नका. झाड असो, माणूस असो, त्याला आधी श्वास घेता येतोय का ते बघा. एवढंच मागणं आहे.

आज लाईट आली तेव्हा खोपीतून लीलाधरांनी विचारलं, "मोटर लावली का गं?"

"आधी हात घालून पाह्यते," लताबाई म्हणाल्या.

त्यांची बोटं मातीत उतरली आणि माझ्या मुळीपाशी येऊन थांबली. माती अजून ओली होती. मोटर आज लागली नाही. माझ्या घड्या आता सुटत चालल्या आहेत, फार वेळ उरलेला नाही. तरी ती बोटं होती तोवर मी आणखी एक कण बाहेर ढकलला.